दिव्येशची सव्वा मूठ

॥ श्री कानबाईमाता प्रसन्न ॥

नवागाम, सुरत
२ जुलै २०२५

ती. सौ. प्रमिलाताई यांस,
सुषमाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पार्सल पोचलं. वेखंड, काळा दोरा, दोन ताईत आणि पोपटानं चोच मारलेला पेरू, सगळं नीट मिळालं. पेरूची अवस्था बघता दोंडाईच्यापासून सुरतेपर्यंत गाडीत आणखी कुणीकुणी चोच मारली असावी. पोपटाचं उष्टं खाल्लं की मूल बोलायला लागतं, असं तुम्ही लिहिलंत. ताई, आमचा दिव्येश बोलतो. पोपटासारखाच बोलतो, तीच तर अडचण आहे. त्याला तुझं नाव काय विचारलं की तोही आपल्याला तुझं नाव काय एवढंच विचारतो. सिटीबसच्या स्पीकरमधली बाई गुजरातीत पुढच्या स्टेशनाचं नाव सांगते, ते तो घरात दिवसभर सांगत फिरतो. नऊ वर्षांचं पोर आणि अजून स्वतःचं नाव तोंडून नाही. शाळेतल्या मनीषाबेन म्हणतात, ऑटिझमच्या पुष्कळ मुलांचं असं असतं. ऐकलेलं जसंच्या तसं परत देतात, त्यातूनच सावकाश काहीतरी त्यांचं स्वतःचं येतं. मी सावकाशीवर भरवसा ठेवून आहे. वेखंड जिभेला लावून बघितलं, तर त्यानं माझं बोट चावलं. गुण आला तो एवढाच.

आता मुद्द्याचं. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुमचा फोन नातवाच्या हातात आणि आमचा फोन कायम स्पीकरवर. तुमचे धाकटे भाऊ मिलमधल्या यंत्रांच्या आवाजात अर्धे बहिरे झालेत, त्यांना तसाच ऐकू येतो. आपण काही बोललो की संध्याकाळपर्यंत ते पांडेसऱ्यात मोठ्या घरी पोचलेलं असतं.

परवा मंदाबाई स्वतः रिक्षा करून आल्या. मोठी जाऊ आपल्या पायांनी धाकटीच्या घरी आली म्हणजे काहीतरी मागायलाच आली असणार, म्हणून मी चहात साखर जास्त घातली. चहा संपल्यावर म्हणाल्या, “त्यानी मूठ यंदा राहू दे, वं.”

मला आधी कळेचना. मग कळलं. ताई, तुम्हाला मी काय सांगणार, पण मोठ्या घरात सांगायची वेळ येणार आहे म्हणून सराव करते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली कानबाई बसते. तिच्या रोटासाठी, त्या जाड गोड पोळीसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, मग तो काठी टेकणारा म्हातारा असो की पाळण्यातलं पोर. त्या गव्हाचा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. ज्याची मूठ नाही तो घरातला नाही. आणि दिव्येशची मूठ राहू द्यायची! कारण काय, तर सचिन गावच्या बापू म्हणवणाऱ्या बुवांनी सांगितलं की पोराला बाधा आहे, त्याचा दाणा कुळाच्या दाण्यात मिसळला तर त्यांच्या योगराजच्या लग्नाला विघ्न येईल. वर म्हणाल्या, कानबाईच्या दिवशी त्याला शेजारच्या उषाबाईंकडं ठेव, त्यालाही ढोलाचा त्रास नको. माझ्या लेकाची एवढी काळजी त्यांनी गेल्या नऊ वर्षांत केली नव्हती.

कानबाईच्या बाबतीत माहेरवाशिणीचा शब्द चालतो. आमचे मोठे दीर हिलालभाऊ साऱ्या दुनियेत फक्त तुम्हाला घाबरतात. त्यांना दोन शब्द लिहा, एवढंच मागणं आहे.

माझा राग देवीवर नाही, तिच्या मॅनेजरांवर आहे. आपली माया आहे तशी असू द्यावी, ताईतांशिवायही चालेल.

आपली,
सुषमा


॥ श्री ॥

दोंडाईचा
९ जुलै २०२५

चि. सौ. सुषमा हिस,
प्रमिलाचे अ. उ. आ.

पत्र वाचलं. तुझी जीभ बघता पोराच्या वाट्याची वाचा तूच घेऊन बसलीस की काय, अशी शंका येते. पेरूला नावं ठेवलीस ते ठीक. तो पोपट इथल्या गुरुजींच्या घरचा आहे, आणि त्याचं उष्टं मिळवायला मी दुखऱ्या गुडघ्यानं तीन खेपा घातल्या. पोपट आधी मिरचीच खात बसला होता.

इकडं कपाशी वर आली आहे. कविताला सातवा लागला. सूनबाई म्हणून गुणी आहे, पण मोबाइल हातातून सुटत नाही. डॉक्टर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन म्हणतो, मी तेल म्हणते. आमचं भांडण चालू आहे.

मंदाचं म्हणशील तर ती मनानं वाईट नाही. बापूंनी तिचा खांदा बरा केला, तेव्हापासून तिचा विश्वास बसला आहे. तूही एकदा लेकराला त्यांच्याकडं नेऊन आण. दाखवायला काय जातं? आणि मुठीचं एवढं काय मनाला लावून घेतेस? एक वर्षाचा प्रश्न. योगराज तिशीकडं झुकलाय. आपल्या समाजात सुरतेच्या मुलांना मुली मिळत नाहीत, मिल म्हटलं की लोक नाक मुरडतात. कानबाईला पाहुणे बघायला येणार आहेत. घर चांगलं आहे, शेती आहे, मुलगी शिकलेली आहे. एवढं जमू दे. देवीला काय कळत नाही का कोण आपलं ते? मूठ घेतली काय अन् न घेतली काय.

काशिनाथला म्हणावं, कानाला जप. दिवूला माझ्या वतीनं मुका दे, म्हणजे तो घेऊ देत असेल तर. तापटपणा आवरून आमच्याशी पूर्वीसारखीच राहा.

तुझी,
प्रमिलाताई


॥ श्री कानबाईमाता प्रसन्न ॥

नवागाम, सुरत
१४ जुलै २०२५

ती. सौ. प्रमिलाताई यांस,
शि. सा. न.

तुमचा शब्द मोडला असं नको म्हणून शनिवारी दिव्येशला घेऊन सचिनला जाऊन आले. बापूंबद्दल थोडं सांगते. हे गृहस्थ चार वर्षांपूर्वी एका डाईंग युनिटमध्ये बॉयलरवर होते. बॉयलर बंद पडला आणि बापू चालू झाले. आता एका पत्र्याच्या शेडमध्ये गादीवर बसतात. पंखा त्यांच्याकडं, घाम भक्तांकडं. मला विचारलं, गरोदरपणी ग्रहणात काही चिरलं होतं का. मी म्हटलं, तुमच्या भावाच्या संसारात रोज दोन वेळा भाजी चिरावी लागते, ग्रहण बघून सुट्टी मिळत नाही. मग त्यांनी दिव्येशच्या डोळ्यांत रोखून बघितलं. त्याला कुणी रोखून बघितलेलं आवडत नाही, म्हणून त्यानं मान फिरवली. बापू सगळ्यांना म्हणाले, बघा, आतला जो आहे तो माझ्या नजरेला घाबरला. ताई, मनीषाबेनच्या नजरेलाही तो असाच घाबरतो, पण त्यांनी अजून गादी टाकली नाही.

शेवटी राख फुंकली, ती त्याच्या नाकात गेली. त्यानं कान दाबून जे रडायला सुरुवात केली ते उधन्यापर्यंत. मी त्याला छातीशी धरून रिक्षात बसले होते आणि स्वतःवर चिडले होते. तुमचं मन राखायला मी माझ्या लेकराला रडवून आणलं.

आता दुसरी गोष्ट. तुमच्या भावाच्या पोटात काही राहत नाही, हा त्यांचा एकमेव गुण. काल जेवताना बोलून गेले की योगराजसाठी बघितलेली सोनाली ही तुमच्या सख्ख्या दिराची मुलगी. स्थळ तुम्हीच आणलंत. आणि पाहुण्यांना तुम्ही सांगितलंय की माझ्या माहेरी सगळं निरोगी आहे, औषधालाही काही सापडायचं नाही.

तरीच म्हटलं, पेरूसाठी तीन खेपा घालणाऱ्या बाईला भावाला दोन ओळी लिहायला का जड गेलं. ताई, मला बापूंचा राग आला नाही, तो त्यांचा धंदा आहे. मंदाबाईंचाही फारसा नाही, त्या तर चहालाही बापूंची परवानगी घेतात. तुमचा आला. माझ्या लग्नानंतर पहिली साडी तुम्ही घेतलीत, दिव्येशच्या बारशाला कुर्र तुम्ही केलंत. त्याच्या कानात त्याचं नाव तुम्ही सांगितलंत आणि आता त्याच नावाचे गहू घ्यायचे नाहीत म्हणता.

मूठ घेतली काय अन् न घेतली काय, असं असेल तर घ्या की. मला त्या गव्हाचे लाडू नको आहेत. मनीषाबेन म्हणतात तशी त्याची प्रगती होईल किंवा होणार नाही. मी एक दिवस मरणार, हे मात्र नक्की. त्यानंतर त्याला कोण विचारणार? भाऊबंदच ना? की बापू? ज्यांनी त्याचा दाणा आपल्या दाण्यात घेतला नाही, ते त्याला घरात घेतील होय? मुठीचं मनाला एवढ्यासाठी लावून घेते.

तेव्हा सांगून ठेवते. मोठ्या घरी त्याची मूठ घेतली नाही, तर मी नवागामला माझी वेगळी कानबाई मांडीन. तुमचे भाऊ हो म्हणालेत. म्हणजे नाही म्हणाले नाहीत, त्यांचं हो असंच असतं.

रागावला असाल तर रागावा, पण लिहीत राहा.

तुमची,
सुषमा


॥ श्री ॥

दोंडाईचा
२० जुलै २०२५

चि. सौ. सुषमा हिस,
अ. उ. आ.

वेगळी कानबाई मांडण्याचं नाव काढू नकोस. आमच्या आईनं उपाशी राहून दोन्ही पोरांची चूल एक नाही तर निदान देवी तरी एक ठेवली. भाऊ सुरतेला गेले, घरं वेगळी झाली, पण देवी एक आहे म्हणून आपण एक. तू ती फोडलीस तर मला माहेर उरणार नाही. एवढं तरी लक्षात घे.

हो, सोनाली माझ्या दिराची. हो, मीच सांगितलं की सगळं ठीक आहे. काय सांगायला हवं होतं? आमच्याकडं एक सांगितलं की लोक दहा विचारतात. रक्तात आहे का, आजोळी कुणाला होतं, पुढच्या पोराला होईल का. डॉक्टरलाही जे सांगता येत नाही ते त्यांना चौकटीत उभ्याउभ्या हवं असतं. मला त्या घरात दिवस काढायचे आहेत. दीर रोज ओट्यावर येऊन बसतात.

हिलालला मी बोलणार नाही. यंदा नाही. लग्न होऊन जाऊ दे, पुढच्या वर्षी मी स्वतः येऊन मूठ घ्यायला लावीन. या खेपेला येणं होत नाही, गुडघा सुजला आहे. दिवूला उषाबाईंकडं ठेव आणि शहाण्यासारखी मोठ्या घरी जा.

बापूंबद्दल लिहिलेलं वाचून कविता हसत होती. मी हसले नाही.

नाराजी धरू नकोस, हेच आशीर्वादात मागते.

प्रमिलाताई


॥ श्री कानबाईमाता प्रसन्न ॥

नवागाम, सुरत
५ ऑगस्ट २०२५

ती. सौ. प्रमिलाताई यांस,
शि. सा. न.

हे पत्र पोस्टात न टाकता उषाबाईंच्या जावयाबरोबर पाठवते आहे, तो उद्या भुसावळच्या गाडीनं निघतोय. कानबाई पार पडली. मी वेगळी मांडली नाही. तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी. तिला आमच्या भांडणात दोन घरी कशाला बसवायचं?

तुमच्या कानावर चमत्काराची बातमी एव्हाना आली असेलच. नीट ऐका, मग मंदाबाईंचं ऐका.

शुक्रवारी गहू मोजायचे होते. मी दिव्येशला घेऊनच गेले. कानांवर त्याचे मोठे हेडफोन, हातात त्याचा लाडका बॉबिनचा दोरा. मंदाबाईंनी आम्हाला दाराशीच बसायला पाट दिला, आत जागा नाही म्हणून. आत चार म्हशी बसतील एवढी जागा होती. भावकीतले वडीलधारे लोटन तात्या दरवर्षीसारखे नावं पुकारायला बसले आणि हिलालभाऊ मूठ घ्यायला. तुम्हाला माहीत आहे, तात्या प्रत्येक नावानंतर खोकतात. आधी स्वतःचं नाव, खोकला, हिलाल, खोकला, काशिनाथ, योगराज, वैभव. मग तात्या थांबले. मी खाली बघत होते. हिलालभाऊंनी फडक्याला गाठ मारायला घेतली.

तेव्हा दिव्येश बोलायला लागला. लोटन. मग तात्यांचा खोकला, अगदी कफासकट. हिलाल. खोकला. काशिनाथ, योगराज, वैभव, आणि मग म्हणाला, “दिव्येश.”

ताई, नऊ वर्षं. मनीषाबेननी आरसा दाखवून, फोटो दाखवून, मुरमुऱ्यांची लाच देऊन जे झालं नाही ते. पण त्याला त्याचं काही नव्हतं. गेल्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षी त्यानं ती नावं जशी ऐकली होती, तशीच त्याला हवी होती. त्याच्या डोक्यात गोष्टींची जागा ठरलेली असते. चपला उलट ठेवल्या तरी तो रडतो, इथं तर अख्खं एक नाव गाळलं होतं. भाऊंनी पुन्हा गाठ मारायला घेतली की तो पुन्हा लोटनपासून सुरू. खोकल्यासकट. तात्यांना खोकणंही चोरून करायची पाळी आली.

मंदाबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, “याले कोनी शिकाडं?” मी शिकवलं असतं तर ताई, खोकला वगळला असता.

हिलालभाऊंचा चेहरा पडला होता. त्यांनी गाठ सोडली, हात गव्हात घातला. मी पाहिलं, मूठ भरलीही. एवढ्यात बापू आले. त्यांना आवतण होतंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि एका क्षणात पक्ष बदलला. म्हणाले, ही बाधा नव्हेच. ही तर माउली स्वतः, पोराच्या मुखानं कुळाचा उच्चार करते आहे. मंदाबाईंनी तिथंच लोटांगण घातलं. भाऊ मूठ धरून बसले होते, तर बापू म्हणाले, वेडे आहात का? देवाच्या नावाची मूठ घेतात का कधी?

भाऊंनी मूठ परत पोत्यात सोडली.

आता हसा किंवा रडा. पोराला भूत लागलं म्हणून मूठ नाही, आणि पोर देव झालं म्हणूनही मूठ नाही. मधल्या मध्ये एक पुतण्या होता, तो कुणाला दिसलाच नाही.

रविवारी संध्याकाळी देवीशेजारी चौरंग मांडला, त्यावर त्याला बसवलं. नवागाम, पांडेसरा, कुठून कुठून बाया आल्या. तो बसमधलं बोलत होता. एका बाईनं मुलीच्या लग्नाचं विचारलं. तो म्हणाला, “आगळनुं स्टेशन उधना दरवाजा.” ती हात जोडून म्हणाली की उधन्यातलं एक स्थळ खरंच आलेलं आहे. तुमच्या दिरांनी बोअरवेलचं विचारलं. त्यांना उत्तर मिळालं, “दरवाजाथी दूर रहेजो.” ते गंभीर झाले. सोनाली मात्र एका कोपऱ्यात उभी राहून माझ्या लेकाकडं बघत होती, काही विचारायला पुढं आली नाही. लग्न पक्कं झालं, हे कळलं असेलच. देवाचं घर म्हणून एका बैठकीत पक्कं झालं.

मग ढोल सुरू झाला. हेडफोन बापूंनी आधीच काढून घेतले होते, देवाला शोभत नाहीत म्हणून. गळ्यात हारांवर हार पडत होते. दिव्येश ओरडायला लागला, मान झटकायला लागला. तर बाया म्हणाल्या, माय कोपली, आणखी हार घाला. मी गर्दीतून कशी पोचले मला आठवत नाही. मी बापूंच्या तोंडासमोर ओरडले, “तो देव नाही. त्याला फुलं टोचतात.” ढोलात कुणाला ऐकू गेलं नाही. त्याला उचललं, हार तोडले आणि रिक्षात घातलं. तुमचे भाऊ मागून धावत आले, त्याचे हेडफोन घेऊन. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला न विचारता काहीतरी करून आले होते.

काल रोटाच्या पंगतीला आम्ही गेलो नाही. त्याच्यासाठी मोठ्या घरून नैवेद्याचं ताट आलं, वर जास्वंद. रोटाचा तुकडा नाही. देवाला रोट नसतो. विसर्जनाला मी एकटीच गेले. रस्त्याच्या कडेला उभी राहिले. बाया देवीला डोक्यावर घेऊन नाचत चालल्या होत्या. मी हात जोडले आणि तिला म्हटलं, बाई, तुला बरं आहे, तुला वर्षातून एकच दिवस देव व्हावं लागतं, मग पाण्यात सोडतात. माझ्या लेकाचं काय करू? तिचंही त्याच्यासारखंच आहे, विचारलेल्याचं उत्तर देत नाही.

ताई, तुम्ही एक शब्द टाकला असता तर. पण आता ते जाऊ द्या. तुमचं स्थळ जमलं, अभिनंदन.

रीत म्हणून शेवटी काहीतरी लिहावं लागतं, ते तुम्हीच समजून घ्या.

सुषमा


॥ श्री ॥

दोंडाईचा
११ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सुषमा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र बुधवारीच मिळालं. मी ते कविताला मोठ्यानं वाचायला लावलं. बोअरवेलपर्यंत दोघी हसत होतो. फुलं टोचतात, तिथं ती थांबली आणि पुढचं मी एकटीनं वाचलं.

राखीला हिलाल दरवर्षीसारखा आला. पेढे, साडी, लग्न जमल्याचा आनंद. पाटावर बसला, टोपी घातली, हात पुढं केला. मी ताटातली राखी उचलली नाही. म्हटलं, “ज्या मुठीतून माझा भाचा खाली सोडलास, त्या मुठीला मी राखी बांधत नाही.” तो म्हणाला बापूंनी सांगितलं. मी विचारलं, आपली आई गेली तेव्हा तिला खांदा बापूंनी दिला होता की काशिनाथनं? त्यानं हात तसाच पुढं धरला होता. मग मागं घेतला. जेवला नाही. पेढेही इथंच विसरून गेला, ते कवितानं संपवले.

तो गेल्यावर काठी घेतली आणि दिराच्या घरी गेले. जाऊ, दीर, सोनाली, सगळ्यांना बसवलं. सांगितलं की तो देव वगैरे काही नाही. माझा भाचा आहे, नऊ वर्षांचा. बसमधलं ऐकलेलं बोलतो, कधीकधी कपडे ओले करतो, त्याला ऑटिझम म्हणतात आणि हे मला पहिल्यापासून माहीत होतं. त्यावेळी माझं तोंड एवढंसं झालं होतं, ते तुला बघायला मिळालं नाही याबद्दल तू हळहळशील. दिरांना सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटलं असेल? म्हणाले, म्हणजे दाराजवळची बोअर मी फुकटच थांबवली का! नंतर रागावले, मला खोटारडी म्हणाले. ते खरंच होतं, म्हणून ऐकून घेतलं. लग्न मोडतो म्हणाले.

सोनाली म्हणाली, “देवाच्या घरात नांदायची मला भीती वाटत होती. चुलत दीर असेल तर चालेल.”

आता ती अडून बसली आहे आणि दीर ओट्यावर यायचे थांबलेत. पुढं काय होईल ते मला माहीत नाही. ओटा मोकळा झाला, गुडघा पसरून बसता येतं.

हिलालची राखी या पाकिटात घातली आहे. तो तुझ्याकडं आला तर दे. नाही आला तर दिवूला बॉबिनच्या दोऱ्यात गुंफायला दे.

आशीर्वाद तर आहेतच, बाकी तुला हवं तेवढं बोल मला.

तुझी,
प्रमिलाताई


॥ श्री कानबाईमाता प्रसन्न ॥

नवागाम, सुरत
१८ ऑगस्ट २०२५

ती. सौ. प्रमिलाताई यांस,
सुषमाचा शि. सा. न. वि. वि.

काल रविवारी हिलालभाऊ आले. एकटे, मंदाबाईंना न सांगता. मनगट रिकामं होतं. मला वाटलं तुमच्या नावानं शिमगा करायला आलेत, म्हणून मी चहात साखर कमी घातली. दिव्येश जमिनीवर बसून दोरा गुंडाळत होता आणि एकेक स्टेशन सांगत होता. भाऊ ते ऐकत बसले.

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात गहू होते. सव्वा मूठ. मी म्हटलं, भाऊ, देवी गेली, पौर्णिमा गेली, रोट संपला, आता हे घेऊन मी काय करू? ते म्हणाले, मला माहीत नाही, पण हे माझ्याकडं राहून मला झोप येत नाही. मला एक टोमणा सुचला होता, ताई, चांगला होता. मारला नाही. त्यांचे डोळे भरले होते.

एवढ्याशा गव्हासाठी गिरणीत कोण जाणार? मिक्सरमध्येच दळले. पीठ जाडंभरडं पडलं. गूळ घालून एक छोटा रोट थापला. आमच्या देव्हाऱ्यात कानबाई नाही, म्हणून तुमच्या आईच्या फोटोपुढं ठेवला आणि मग दिव्येशपुढं.

त्यानं ताटली बाजूला सारली. तो मुरमुरे आणि दूध-भाताशिवाय काहीच खात नाही, हे तुम्हाला माहीत आहे. इतके दिवस ज्याच्यासाठी मी घर डोक्यावर घेतलं, त्यानं त्याचा वासही घेतला नाही. मला हसू आलं आणि ते लवकर थांबेना. तुमचे धाकटे भाऊ घाबरले.

हिलालभाऊ मात्र हसले नाहीत. ते पाटावरून उठले, खाली जमिनीवर दिव्येशच्या शेजारी बसले. थोडं अंतर ठेवून, त्याला आवडतं तेवढं. ताटली आपल्या मांडीवर घेतली आणि त्याला विचारलं, “खाऊ का मी?”

दिव्येश म्हणाला, “खाऊ का मी.”

भाऊंनी पुतण्याच्या नावाचा रोट खाल्ला. एक कण उरू दिला नाही, आणि हात धुतलेलं पाणी दाराबाहेर न टाकता आमच्या तुळशीत ओतलं, जसं मोठ्या घरी रोट खाल्ल्यावर ओततात. मग उजवा हात माझ्यापुढं केला. राखी मी बांधली. ती तुमची होती, तेव्हा ओवाळणीही तुम्हालाच पाठवते आहे, त्यांनी काढून दिलेला तो गव्हाचा रुमाल. धुतलेला नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्या. डॉक्टरशी भांडू नका, भांडायला मी आहे.

तुमची भावजय,
सुषमा